पन्नासावरचा मतदार

मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला ‘उत्कृष्ट’ म्हटलेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा, हे वाचणाऱ्याला ठरवता येईल. हा माझा एकट्याचा स्वभाव नाही, आमच्या घरचं वळणच आहे. थोरल्या भावाचा बोर्डात नंबर आला तेव्हा वडील ‘ठीक’ म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. आई हापूस आंब्याला ‘बरा निघाला’ म्हणे. ज्या आंब्याला ती ‘वाईट नाही’ म्हणायची, त्याच्या कोयीवरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली तरी लतिका, म्हणजे माझी बायको, दर होळीला पुरणपोळी वाढून माझ्या तोंडाकडे बघते आणि मी दर होळीला ‘वाईट नाही झाली’ म्हणतो. तिच्या माहेरी चहालासुद्धा अप्रतिम म्हणतात. त्यामुळे होळीच्या दिवशी दुपारनंतर आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

ईडन प्रेरीत मला हा स्वभाव कधी नडला नाही. उलट मिनेसोटाच्या माणसांशी माझं या बाबतीत चांगलं जमतं. शेजारी गॉर्डन म्हणून एक निवृत्त गृहस्थ राहतात. गुडघाभर बर्फ पडून गाडी गाडली गेली तरी ते फावडं टेकवून ‘याहून वाईट होऊ शकलं असतं’ म्हणतात. आम्हा दोघांना एकमेकांबद्दल अतिशय आदर आहे. तो आम्ही अर्थातच कधी बोलून दाखवलेला नाही.

गेल्या वर्षी मी अमेरिकेचा नागरिक झालो. लतिकाही झाली असती, पण तिच्या बोटांचे ठसे सरकारी मशीनवर उमटेनात. जन्मभर यांची भांडी घासून रेषा झिजल्या, असं ती तिथल्या अधिकाऱ्याला मराठीत म्हणाली. त्यानं तिला पुन्हा बोलावलं आहे. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत आणि आसपास मिळून दहा-बारा मराठी घरं आहेत. सगळे आयटीतले आणि सगळे कुठल्या ना कुठल्या व्हिसावर, कुठल्या ना कुठल्या रांगेत. म्हणजे एवढ्या वस्तीत मतदार मी एकटा. बाकीचे सल्लागार.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मला फोन आला. केटलिन नावाची मुलगी बोलत होती. लोकांची मतं अजमावणाऱ्या कुठल्याशा संस्थेतून. मी नोंदणीकृत मतदार आहे ना, एवढं विचारून तिनं मुद्द्याला हात घातला. प्रेस्टन कॉर्टलंड तिसरा हे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तर माझी प्रतिक्रिया काय?

“नॉट बॅड,” मी म्हणालो.

मत देणार का, असं तिनं विचारलं. “लेट अस सी,” मी म्हणालो. मग तिनं विरुद्ध बाजूच्या संभाव्य उमेदवाराबद्दल विचारलं. मी विचार करून “नॉट बॅड” म्हणालो. तिनं फोनवर हात ठेवला असावा, पण तो नीट ठेवला नव्हता, कारण ती कुणालातरी म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं: “आय फाउंड वन.”

कॉर्टलंडबद्दल थोडं सांगायला हवं. आजोबा गव्हर्नर, वडील सिनेटर, आत्या कुठल्यातरी देशात राजदूत. आता तिसऱ्या पिढीतला हा पंचेचाळिशीचा मुलगा उभं राहण्याचा विचार करतो आहे, अशी बातमी होती. उभा राहिलेला नव्हता, नुसता विचार करत होता. आणि त्याच्या विचारावर लोकांचा काय विचार आहे ते काढून आणायला माणसं नेमलेली होती. इकडे नावापुढे दुसरा, तिसरा लावायची मोठी हौस. आपल्याला दुसरा म्हटलं की बाजीराव आठवतो आणि त्यापुढे कुणी मोजायला जात नाही.

त्याच संध्याकाळी विष्णूकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं त्यानं आपला एकेक पदार्थ घेऊन जायचं जेवण. विष्णू माझ्या ऑफिसात आहे आणि आमच्या समोरच्या घरात राहतो. मला हॉटेलात बारा मतदारांच्या बैठकीला बोलावलंय, हे लतिकानं वांग्याचं भरीत टेबलावर ठेवता ठेवता जाहीर केलं, आणि जेवायचं राहिलं बाजूला.

“घराण्याला नावं ठेवू नका हं,” शोभनाताई म्हणाल्या. त्या मुलांना गाणं शिकवतात. “घराणं म्हणजे तालीम आली. यानं पहाटे उठून खर्ज लावलाय का, एवढंच विचारा. लावला असेल तर खुशाल द्या मत.”

“काका, आमच्या तालुक्यात साखर कारखान्यावर तिसरी पिढी बसलीय,” मिहीर म्हणाला. हा आमच्यातला सगळ्यात तरुण. “पोरगं एमबीए करून आलं आणि डायरेक्ट चेअरमन. आमची कुणी रिअ‍ॅक्शन विचारली नाही यार.”

“घराणं बघूनच लोक मुलगी देतात,” यामिनी म्हणाली. ही विष्णूची बायको. “मग मत द्यायला काय हरकत आहे?”

“मलाही घराणं बघूनच दिलं होतं,” लतिका म्हणाली. “त्या घराण्यात कुणी आमटीला चांगलं म्हणत नाही, हे बघताना दिसत नाही गं.”

यावर सगळे माझ्याकडे बघून हसले. मी भरीत खाल्लं. ते वाईट नव्हतं.

विष्णूची मुलगी हिमानी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे. ती इथे आली तेव्हा बालवाडीत होती आणि माझ्या हाताला धरून बदकं बघायला यायची. पुढे गणपतीत तिनं व्हायोलिन वाजवलं, तेव्हा मी ‘वाईट नव्हतं’ म्हणालो आणि ती पोर रडत घरी गेली. इकडे वाढलेली, तिला वाटलं काका म्हणतात ते खरंच तसं. विष्णूला तिला समजावून सांगावं लागलं की हळबेकाकांच्या तोंडून याच्या वर काही निघत नाही. तेव्हापासून मी तिचा ‘मिस्टर नॉट बॅड’.

“काका, यू नो व्हॉट्स फनी?” ती म्हणाली. “त्याला त्याच्या ग्रँडफादरचं सगळं मिळतं. नेम, फ्रेंड्स, कदाचित व्हाइट हाउस. आणि मला बाबांची लाइनमधली जागासुद्धा नाही मिळत.”

कुणी हसलं नाही. विष्णू उठून पाणी आणायला गेला, भरलेला जग टेबलावर असताना.

हे प्रकरण असं आहे. विष्णू ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, आणि ही रांग आपल्या नंबरपर्यंत केव्हा येईल हे तिथल्या कुणालाही ठाऊक नाही. त्याच्याबरोबर बायको आणि मुलगी. पण मुलगी एकवीस वर्षांची झाली की ती बापाच्या रांगेतून बाद. हिमानीचा एकविसावा वाढदिवस मे महिन्यात होता. त्यानंतर तिला इथे राहायचं तर परदेशी विद्यार्थिनी म्हणून अर्ज करायचा, आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परत जाण्याचा आपला इरादा आहे हे साहेबाला पटवून द्यायचं. मायदेश म्हणजे पुणे, जिथे ती एकूण तीनदा उन्हाळ्याच्या सुट्टीला गेली आणि दोनदा तिला जुलाब झाले.

पहिली बैठक हायवेलगतच्या एका हॉटेलात झाली. आम्ही बारा जण, एका भिंतीला मोठा आरसा. आरशामागे माणसं बसून आपल्याला बघतात हे केटलिननं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मी नाक खाजवायचंसुद्धा टाळलं. प्रत्येकाच्या हातात एक छोटं यंत्र दिलं. त्याला गोल डायल, वर आकडा. सुरुवात पन्नासापासून. समोर फिल्म चालू असताना जे ऐकून बरं वाटेल तिथे डायल उजवीकडे शंभरापर्यंत फिरवायचा, नाही आवडलं तर डावीकडे शून्यापर्यंत.

फिल्ममध्ये कॉर्टलंड लाकडं फोडत होता. त्याच्याकडे गॅसची शेगडी नसावी असं मानायला काही आधार नव्हता, पण फोडत होता. मधूनमधून आजोबांची काळीपांढरी दृश्यं. शेजारच्या मार्लीस नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं डायल नव्वदावर नेला. तिच्या आईशी त्या आजोबांनी जत्रेत हस्तांदोलन केलं होतं म्हणे. “नाव ओळखीचं असलं की घरात दिवा लावून ठेवल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. पलीकडचा दाढीवाला गरगर डावीकडे फिरवत होता. “आजोबा डेंटिस्ट होते म्हणून मी कुणाच्या हातात माझा दात देत नाही,” असं त्याचं म्हणणं. मला दोघांचंही पटलं. फिल्म मात्र खरोखर चांगली काढलेली होती, म्हणून मी मन मोठं करून चोपन्न दिले. हा माझ्या मते अतिरेकच होता.

बैठक संपल्यावर आरशामागून ब्रॅडली नावाचा एक किडकिडीत माणूस बाहेर आला. तो थेट वॉशिंग्टनहून आलेला होता. नामशेष होत चाललेल्या पक्ष्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. “सर,” तो हळू आवाजात म्हणाला, “देशात तुमच्यासारखे खरेखुरे अनिर्णित मतदार फार थोडे उरलेत.”

मी अनिर्णित नव्हतो. मला फिल्म आवडली होती, माणूस अजून कळायचा होता आणि सोफा गैरसोयीचा होता. पण एवढं सगळं चोपन्नात बसवलं होतं, ते त्याला कसं कळणार? एका मिनेसोटावाल्यानं ते तत्काळ ओळखलं असतं. मी नम्रपणे “थँक यू” म्हणालो. तेही त्यानं टिपून घेतलं.

“अनिर्णित?” घरी आल्यावर लतिका म्हणाली. “त्यांनी आधी मला विचारायला हवं होतं.”

पुढच्या बैठकीपर्यंत या विषयावर कुणाशीही बोलायचं नाही आणि बातम्या बघायच्या नाहीत, अशी अट होती. तोवर सगळ्या मराठी घरांना कळून चुकलं होतं. मिहीर मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, “काका, तुमची डिमांड अनडिसायडेड असण्यात आहे. डिसाइड केलंत की संपलं. फिफ्टी होल्ड करा.” शोभनाताईंचं म्हणणं, आलापासारखं हळूहळू साठापर्यंत जावं, एकदम तार षड्जावर उडी मारू नये. यामिनीनं निष्पक्षपाती माणसाला शोभेल असा स्वेटर कुठला, यावर लतिकाशी अर्धा तास फोनवर चर्चा केली. शेवटी करडा ठरला. तो मला बोचतो, हे मी सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही.

गॉर्डननाही कुठून तरी समजलं. टपाल काढताना ते पेटीपाशी थांबले. “कॉर्टलंड का?” म्हणाले. “वेल. त्याचे आजोबा काही तितके वाईट नव्हते.” मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. या माणसानं त्या आजोबांची जवळजवळ पूजा केलेली असणार.

दुसऱ्या बैठकीत करड्या स्वेटरनं घात केला. कॉर्टलंड पडद्यावर आपल्या आत्याबद्दल बोलत असताना मानेपाशी असह्य बोचलं, मी खांदा उडवला आणि डायल एकसष्टावर गेला. मी तो लगेच मागे आणला, पण व्हायचं ते होऊन गेलं. बैठक थांबली. ब्रॅडली धावत बाहेर आला. आत्याच्या उल्लेखानं माझ्या मनात नेमकं काय हललं, हे त्याला हवं होतं. मी स्वेटर म्हणालो. त्यानं विचारलं, हा स्वेटर तुमच्या आत्यानं विणलेला का? मी नाही म्हणालो. पण त्याला ते खरं वाटलं नसावं, कारण पुढच्याच आठवड्यात कॉर्टलंडनं एका मुलाखतीत आत्याबद्दल सतत सांगितलं, असं मला मिहीरनं कळवलं. मी बातम्या बघत नव्हतो.

मग केटलिनचा फोन आला. तिसऱ्या बैठकीला खुद्द कॉर्टलंड येणार होता. नुसतं ऐकायला. प्रत्येक मतदारानं एक प्रश्न विचारायचा.

त्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मिहीरला व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात जाऊन अडकून पडावं लागतं, त्याबद्दल विचारायचं होतं. शोभनाताईंचा हार्मोनियम विमानतळावर उघडून बघितला गेला होता आणि त्याचा पंचम बसला होता. प्रत्येकाचं दुःख खरं होतं आणि प्रश्न एकच होता. बराच गोंधळ झाल्यावर लतिका स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “हिमानीचं विचारायचं. बाकीच्यांनी चहा घ्या.” सगळ्यांनी चहा घेतला.

हिमानी आधी नाहीच म्हणाली. “डोन्ट, काका. इट्स एम्बॅरसिंग. मी कुणाची सॅड स्टोरी नाहीये.” मग थोड्या वेळानं उठली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मला प्रश्न शिकवायला लागली. तीनच वाक्यं: ती इथे वाढली; एकवीस वर्षांची झाली की तिला जावं लागेल; असं असू नये म्हणून तुम्ही काय कराल? मी ती पुन्हा पुन्हा म्हणून दाखवली. “लाउडर, काका. तुम्ही सॉरी म्हटल्यासारखं बोलता.” विष्णू दाराशी उभा होता. जन्मात कुणाकडे काही मागितलेला हा माणूस नव्हे. ऑफिसात पेनसुद्धा स्वतःचं आणतो. निघताना त्यानं माझा हात धरला आणि सोडायचं विसरला. मला तेव्हा भीती वाटली, ती कॉर्टलंडची नव्हती.

बैठकीच्या दिवशी दारातच अडलं. सुरक्षारक्षकाच्या यादीत एकनाथ हळबे नव्हता. वामन हळबे होता. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो, आणि इकडच्या संगणकांना मधल्या नावाचं काय करावं ते कधीच कळलेलं नाही. कधी गाळतात, कधी पुढे आणून बसवतात. “वामन माझे वडील,” मी म्हणालो. “मग ते कुठायत?” रक्षकानं विचारलं. “ते वारले.” त्यानं माझ्याकडे, यादीकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. “म्हणजे तुम्ही त्यांच्या जागी आलात?” मागे रांग खोळंबली होती. मी हो म्हणालो, आणि त्यानं वामन लिहिलेला बिल्ला माझ्या छातीवर लावला. त्या दिवशी त्या इमारतीत वडिलांच्या नावावर आत गेलेला मी एकटाच नव्हतो, एवढंच माझं समाधान.

कॉर्टलंड दिसायला फिल्मपेक्षा बुटका, पण गोड माणूस. त्यानं प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेतला. मला “वेमन” म्हणाला. बिल्ल्याला मी खोटं कसं पाडणार?

माझी पाळी आली. मी उभा राहिलो, जे करायचं नव्हतं. आणि विचारलं. ती तीन वाक्यं मी म्हणालो, नीट म्हणालो, मोठ्यानं म्हणालो. मार्लीसनं तोंडावर हात नेला. दाढीवाल्यानं डायलवरचं बोट काढून माझ्याकडे बघितलं. खोलीत बारा जण आणि आरशामागे कितीतरी, सगळे त्या क्षणी आमच्या हिमानीबद्दल विचार करत होते, हे मला दिसत होतं, आणि मला फार बरं वाटलं.

कॉर्टलंडनं डोळे मिटून घेतले. “तिचं नाव काय?” मी सांगितलं. ते त्यानं बरोबर उच्चारलं. “किती सुंदर नाव,” तो म्हणाला. मग म्हणाला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी आजोबा नेहमी सांगत की, हा देश म्हणजे एक मोठं टेबल आहे. हे त्यानं आजोबांच्या आवाजात सांगितलं. टेबल ओकचं होतं. ते अजूनही त्याच्या घरी आहे, आणि त्याची मुलं आता त्याच टेबलाशी गृहपाठ करतात. हिमानीची गोष्ट मी हृदयाशी घेऊन जाईन, असं म्हणून त्यानं हात हृदयावर ठेवला. “माझी माणसं तुम्हाला कळवतील,” तो म्हणाला, आणि पुढच्या मतदाराकडे वळला.

मार्लीसचा डायल शंभरावर गेला. दाढीवाल्याचासुद्धा सत्तरावर. मला राग आला. मला तसा राग येत नाही, आला तरी तो मी आत ठेवतो, पण तो टेबलावर मुलांचा गृहपाठ चालतो म्हणाला तेव्हा माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. आजोबांचं टेबल नातवाच्या मुलांपर्यंत पोचतं आणि इथे बापाची रांग मुलीपर्यंत पोचत नाही, आणि याला ते सांगताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. मी डायल डावीकडे फिरवला. चाळीस, वीस, पाच. शून्य. शून्यावर पोचल्यावरही मी आणखी फिरवत होतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी कशाला शून्य दिलेलं नाही.

दार उघडून केटलिन वाकून वाकून माझ्यापर्यंत आली. “सर, तुमचं मशीन बिघडलंय वाटतं,” ती कुजबुजली. “नाही बिघडलं,” मी म्हणालो. तिनं समजूतदारपणे मान हलवली, माझ्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि दुसरं दिलं. नवं यंत्र सुरू झालं ते पन्नासावर. मी ते फिरवायला घेतलं तोवर ब्रॅडलीनं सगळ्यांचे आभार मानून दिवे लावले होते. जाताना तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, काळजी करू नका, बिघडलेल्या मशीनचे आकडे आम्ही काढून टाकतो. उत्तर ऐकल्यावरही तुम्ही पन्नासावरच, हे विलक्षण आहे. मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो हसला आणि मला एक कॅनव्हासची पिशवी दिली.

घरी आलो तर सगळे विष्णूकडे जमले होते. पोहे झाले होते. माझ्या हातात बशी देऊन सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला लतिकाच्या होळीची कल्पना आली.

“विचारलं,” मी म्हणालो. “नीट ऐकून घेतलं त्यानं. नावही बरोबर घेतलं.”

“आणि?” यामिनीनं विचारलं.

“कळवतो म्हणाला.”

यामिनीनं हातातला झारा खाली ठेवला. शोभनाताईंनी पदर सारखा केला. मिहीर पोह्यातले शेंगदाणे बाजूला करायला लागला. विष्णू खिडकीतून माझ्या घराकडे बघत राहिला. मुलगी बघायला आलेली माणसं पोहे खाऊन, चपला घालता घालता ‘कळवतो’ म्हणतात. ते ऐकून ज्यांनी घरोघरी कप उचललेले आहेत, त्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही. मागाहून कुणी कधी कळवलेलं नसतं.

हिमानीनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. “वेट, ही सेड ही विल गेट बॅक टू अस?” ती म्हणाली. “दॅट्स गुड, राइट?”

ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही त्याला किती दिले?”

मी बशी खाली ठेवली. “शून्य.”

लतिकानं वळून बघितलं. हिमानी माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय, मग नाही वाटलं. तिला ‘कळवतो’ कळत नव्हतं, पण माझे आकडे ती लहानपणापासून वाचत आलेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं बाहीनं पुसलं, बदकं बघायला यायच्या वयात पुसायची तसंच.

“ओके,” ती म्हणाली. यामिनी तिच्याजवळ जाऊन बसली.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “आणि माझ्या त्या व्हायोलिनला? त्याला किती द्याल?”

सगळे ऐकत होते. विष्णूसुद्धा खिडकीपासून वळला.

“शंभर,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

“खूप बेसूर वाजवलं होतं मी, काका.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो.